आधी बीळ शोधा, मग कुदळ उचला

१. तात्यांचे गुपित

एका गावात एक शेतकरी होता. आपण त्यांना तात्या म्हणू. वय पंचेचाळीस. अंगाने धडधाकट. चार एकर रान, एक विहीर, दोन बैल. रात्री दोनला लाइट आली, तरी उठून पिकाला पाणी देणारा माणूस.

एके दिवशी तात्यांना खाली बसवेना. शौचाच्या जागेजवळ एक गाठ आली होती. ती सारखी ठणकत होती. रात्री थंडी वाजून ताप आला.

बायकोने विचारले, "अवो, काय होतंय तुमाला?"

तात्या म्हणाले, "काय न्हाई. उष्णता झालीया."

दुखणे सांगायचे कुणाला? आणि दाखवायचे तरी कसे? जागाच तशी अवघड. तात्या गप्प राहिले. घरच्या घरी शेक घेतला. चौथ्या दिवशी गाठ आपोआप फुटली. पू वाहून गेला. ठणका थांबला. ताप उतरला.

"सुटलो एकदाचा!" तात्या मनाशी म्हणाले.

पण ते सुटले नव्हते. गाठीच्या जागी एक बारीक छिद्र राहिले. त्यातून थोडा थोडा पू येई. कपड्याला डाग पडे. मग छिद्र बुजे. छिद्र बुजले, की आत पू साठे. पुन्हा ठणका लागे. पुन्हा ते फुटे. असे एक वर्ष चालले. तात्या गाडीवर बसेनात. लग्नकार्याला जाईनात. चारचौघांत बसायचे त्यांनी सोडून दिले.

तालुक्याच्या रस्त्यावर एक पाटी होती. 'मूळव्याध, भगंदर. एका दिवसात आराम. गॅरंटी.' तात्या गुपचूप तिथे गेले. तिथल्या माणसाने नीट तपासले नाही. फार काही विचारलेही नाही. वरच्या छिद्राला कसलेसे जहाल औषध लावले. पैसे घेतले. पंधरा दिवस बरे वाटले. मग जुन्या छिद्राच्या शेजारी दुसरे छिद्र पडले.

तात्या पुन्हा गेले, तेव्हा तो माणूस म्हणाला, "उद्या या. सगळं कापूनच टाकू. पाच मिनिटांचं काम."

त्या रात्री तात्यांना झोप आली नाही. शेवटी त्यांनी बायकोला सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली,

"अवो, बांधाला घुशीनं बीळ केलं, तर तुमी नुसतं तोंड बुजवता का?"

"न्हाई. तोंड बुजवलं तर घूस दुसरीकडनं निघती."

"आन् बीळ कुठवर गेलंय ते न बघता बांधात कुदळ घालता का?"

"छे! बांधच फुटंल. पाणी सगळं वाहून जाईल."

"मग सोताच्या अंगात तसं कसं करू देता? उद्या मोठ्या दवाखान्यात जायाचं. मी येते संगट."

२. हे दुखणे कशाने होते?

मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. त्यांनी आधी तात्यांना बसवले. पण तात्यांना बसवेना. डॉक्टर म्हणाले, "उभे राहा. लाजू नका. रोज असे पेशंट येतात माझ्याकडे."

त्यांनी बरेच प्रश्न विचारले. गाठ कधी आली? किती वेळा फुटली? साखरेचा आजार आहे का? वजन घटले का? घरात कुणाला क्षय झाला होता का? पोट वरचेवर बिघडते का? मग त्यांनी छिद्रे पाहिली. हातमोजा घालून, एक बोट आत घालून तपासले.

"तात्या, हे भगंदर आहे. मूळव्याध नव्हे."

पुष्कळ लोक तिथल्या प्रत्येक दुखण्याला मूळव्याध म्हणतात. ते बरोबर नाही. मूळव्याधीत शौचाच्या जागेच्या शिरा फुगतात. बहुधा रक्त पडते. दुसरे दुखणे म्हणजे भेग, म्हणजेच फिशर. त्यात शौचाच्या वेळी कापल्यासारखी आग होते. भगंदरात मात्र आतून बाहेर एक वाट पडलेली असते. तिच्यातून पू येतो.

ही वाट कशी पडते? शौचमार्गाचा शेवटचा भाग दोन-तीन बोटे रुंदीएवढा लांब असतो. त्याच्या आतल्या बाजूला लहान लहान ग्रंथी असतात. एखाद्या ग्रंथीचे तोंड बंद होते. आत जंतू वाढतात. पू होतो. पुवाला जागा पुरत नाही. मग तो मांसातून वाट काढत कातडीकडे येतो. कातडीखाली आला, की गाठ दिसते. हे झाले गळू.

गळू फुटले किंवा डॉक्टरांनी फोडले, म्हणजे पू जातो. कित्येकांचे दुखणे तिथेच संपते. पण तिघांतल्या एकाला तरी आतले तोंड आणि बाहेरचे तोंड जोडणारी वाट कायम राहते. तिला भगंदर म्हणतात. आतल्या तोंडातून घाण वाटेत शिरत राहते. म्हणून बाहेरून कितीही मलम लावले, तरी ती वाट भरून येत नाही.

"म्हंजी बाहेरचं भोक हे नुसतं दार," तात्या म्हणाले.

"बरोबर. घर आत आहे," डॉक्टर म्हणाले.

३. बांध आणि बीळ

तात्यांच्या बायकोने घुशीच्या बिळाची गोष्ट डॉक्टरांना सांगितली. डॉक्टर खूश झाले. ते म्हणाले, "वहिनी, इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. आता तोच बांध धरून बोलू."

शौचाच्या जागेभोवती मांसाची दोन कडी असतात. एक आतले, एक बाहेरचे. आतले कडे आपोआप आवळलेले राहते. झोपेतसुद्धा ते आपले काम करते. बाहेरचे कडे आपल्या ताब्यात असते. घाई लागली आणि जवळ आडोसा नसला, तर आपण ते आवळून धरतो. या दोन कड्यांमुळे शौच आणि वारा आपल्या हुकमात राहतो. ही कडी म्हणजे आपला बांध.

भगंदराची वाट या बांधातूनच जाते. कुणाची वाट दोन कड्यांच्या मधून खाली उतरते. कुणाची बाहेरचे कडे भेदून जाते. कुणाची कड्यांच्या वरून वळसा घेते. तर क्वचित कुणाची कड्यांच्या पार बाहेरून, वरच्या आतड्याकडून येते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले डॉक्टर ॲलन पार्क्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७६ साली भगंदराचे असे चार प्रकार लावून दिले. आजही डॉक्टर तेच वापरतात.

आता इलाज बघा. बीळ वरवर असेल, तर ते उघडून टाकतात. वरचा थोडा भाग कापला जातो. जखम तळापासून भरून येते. बांधाला धोका नसतो. पण बीळ खोल असेल आणि त्यावर बराचसा बांध असेल, तर? सगळे कापले तर बांध तुटेल. मग शौच ताब्यात राहणार नाही. माणसाला वारा धरता येणार नाही. पातळ झाले तर कपडे खराब होतील. भगंदर बरे होईल, पण माणूस घराबाहेर पडणार नाही.

डॉक्टर म्हणाले, "तुटलेलं कडं पुन्हा पहिल्यासारखं होणं फार अवघड. म्हणून कापण्याआधी तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. आतलं तोंड कुठं आहे? वाट कड्याच्या किती भागातून जाते? आणि तिला आडवाटा फुटल्या आहेत का? कुठं पू दडून बसला आहे का?"

आडवाट राहून गेली, तर दुखणे परत येते. आतले तोंड सापडले नाही, तरी दुखणे परत येते. एकदाच्या घाईमुळे माणसाला दोनदा, तीनदा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. दर वेळी बांध थोडा थोडा कमी होतो.

४. राजालाही झाले होते

भगंदर नवे नाही. आपल्याकडे सुश्रुतांनी फार जुन्या काळी त्याचे पाच प्रकार सांगितले. एकाचे नाव शतपोनक. त्याला चाळणीसारखी पुष्कळ छिद्रे असतात. एकाचे नाव शंबूकावर्त. त्याची वाट शंखाच्या वेढ्यासारखी फिरत जाते. म्हणजे वाटा वाकड्यातिकड्या असतात, हे त्यांना ठाऊक होते. वाट शोधण्यासाठी ते एक सळई वापरीत. तिचे नाव एषणी.

हे दुखणे गरीब-श्रीमंत बघत नाही. फ्रान्सचा बलाढ्य राजा चौदावा लुई यालाही भगंदर झाले होते. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा आपल्याकडे छत्रपती संभाजी महाराजांचे राज्य होते. त्या वेळी भूल देण्याचे औषध नव्हते. राजाच्या शस्त्रवैद्याचे नाव फेलिक्स. राजाला हात लावण्याआधी त्याने गोरगरीब रोग्यांवर हात बसवून घेतला, असे सांगतात. राजा बरा झाला. 

पुढे १८३५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक सॅमन नावाच्या डॉक्टरांनी अशा दुखण्यांच्या गरीब रोग्यांसाठी एक लहानसा दवाखाना काढला. खाटा फक्त सात. त्याचेच पुढे सेंट मार्क्स रुग्णालय झाले.

तरीही शेकडो वर्षे डॉक्टरांजवळ दोनच साधने होती. बोट आणि सळई. हुशार डॉक्टरांना बोटाने पुष्कळ कळते. पण खोलवरची आडवाट बोटाला लागत नाही. आणि सळई जोराने सारली, तर ती मांसात नवीच वाट पाडते.

"मग आता काय करत्यात?" तात्यांनी विचारले.

"आता आत न कापता चित्र काढतात. तुमची सोनोग्राफी करू."

५. आवाजाचे चित्र

तात्या दचकले. "सोनोग्राफी? सायेब, ती तर पोटुशी बाईची करत्यात!"

डॉक्टर हसले. "सगळ्यांना तसंच वाटतं. सोनोग्राफीच्या दाराशी पाटी बघता ना? 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे. १९९४ चा कायदा आहे तो. म्हणून ती पाटी. पण सोनोग्राफी पोटाची होते, हृदयाची होते, गाठीची होते. पुरुषांचीही होते."

"त्यात करंट असतो का?"

"नाही. आवाज असतो."

सोनोग्राफी म्हणजे काय, ते आता आपण समजून घेऊ. विहिरीच्या काठावर उभे राहा. खाली तोंड करून हाक मारा. हाक परत येते. पाणी वर असेल, तर ती लवकर परत येते. पाणी खोल असेल, तर जरा उशिरा येते. म्हणजे आवाज परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळते. वटवाघूळ अंधारात असेच उडते. ते बारीक आवाज काढते. तो आवाज झाडावर, भिंतीवर आदळून परत येतो. त्यावरून त्याला वाट कळते.

सोनोग्राफीचे यंत्रही असेच हाका मारते. पण त्या आपल्याला ऐकू येत नाहीत. आवाज म्हणजे कंप. एका सेकंदात २० हजारांपर्यंत कंप असले, तर माणसाच्या कानाला ऐकू येते. भगंदराच्या तपासणीत एका सेकंदाला सुमारे १ कोटी कंप असतात. हे कंप मांसात शिरतात आणि आदळून परत येतात. परत आलेल्या आवाजावरून यंत्र पडद्यावर चित्र काढते.

पू पातळ असतो. त्यातून आवाज फारसा परत येत नाही. म्हणून पू काळसर दिसतो. आतले कडे काळ्या बांगडीसारखे दिसते. बाहेरचे कडे त्याहून उजळ दिसते. हवेचा बुडबुडा असला, तर त्यावरून आवाज जोराने परत येतो. तिथे पांढरे चमकते.

यात क्ष-किरण नसतात. चिरफाड नसते. बहुधा भूलही लागत नाही.

साधी सोनोग्राफी पोटावरून होते. या दुखण्यासाठी मात्र आत घालायची एक खास कांडी लागते. ती अंगठ्याएवढी जाड असते. १९८९ साली सेंट मार्क्स रुग्णालयातल्या क्लाइव्ह बारट्राम व त्यांच्या सोबत्यांनी अशा कांडीने दोन्ही कडी आणि भगंदराच्या वाटा कशा दिसतात, ते लिहून प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही तपासणी देशोदेशी पसरली.

६. तपासणी कशी झाली?

ती कांडी सगळीकडे नसते. तात्यांना त्यासाठी शहरात जावे लागले. बायको बरोबर होती.

तिथल्या डॉक्टरांनी तात्यांना डाव्या कुशीवर निजवले. गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले. अंगावर चादर टाकली. कांडीला रबरी पिशवी चढवली. वर बुळबुळीत मलम लावले. मग हळूच कांडी आत सरकवली. तात्यांनी श्वास सोडला. थोडे दडपल्यासारखे वाटले, पण ठणका लागला नाही. डॉक्टरांनी कांडी सावकाश बाहेर ओढली. तसतशी पडद्यावर गोल गोल चित्रे उमटत गेली. जणू मुळ्याच्या एकामागून एक चकत्या पाडाव्यात!

मग डॉक्टरांनी बाहेरच्या छिद्रात एक मऊ, बारीक नळी धरली. तिच्यातून थोडे औषधी पाणी सोडले. जखम धुताना फसफसते, तेच हे पाणी. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणतात. ते वाटेत शिरले आणि त्याचे बुडबुडे झाले. लगेच काळ्या वाटेत पांढरी रेघ चमकली. जुना वण आणि चालू वाट पडद्यावर सारखीच दिसते. पण फेस चालू वाटेतच शिरतो. त्यामुळे फरक कळतो. १९९३ पासून डॉक्टर ही युक्ती वापरीत आहेत.

सगळे काम पंधरा मिनिटांत आटोपले.

कुणाला फार दुखत असेल, तर कांडी आत घालवत नाही. अशा वेळी नेहमीची सोनोग्राफीची मूठ बाहेरूनच, कातडीवर ठेवून पाहतात. कातडीजवळचे गळू आणि वाट त्यातूनही चांगली दिसते. मात्र पाहणाऱ्याला त्याची सवय हवी. बाईमाणसाची तपासणी असेल, तर जवळ नर्स किंवा घरची बाई असावी. तसे मागण्यात काही गैर नाही.

७. चित्रात काय दिसले?

शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. त्यावर घड्याळासारखे आकडे घातले.

"तात्या, शौचाची जागा म्हणजे घड्याळ समजा. बारा म्हणजे पुढची बाजू. सहा म्हणजे माकडहाडाची बाजू. तुमची बाहेरची दोन भोकं चारवर आणि पाचवर आहेत. पण आतलं तोंड एकच. ते सहावर आहे. वाट वळसा घेऊन गेली आहे."

"म्हंजी बिळं दोन न्हाईत?"

"बीळ एकच. तोंडं दोन. आणि हे बघा, मधेच एक आडवाट. तिच्या टोकाला बोराएवढा पू दडला आहे. बाहेरून तो कुणालाही दिसला नसता."

"आन् बांध?" बायकोने विचारले.

डॉक्टर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "वाट बाहेरच्या कड्यातून जाते. बिळावर अर्ध्याहून जास्त बांध आहे. परवा पाच मिनिटांत सगळं कापलं असतं, तर तात्यांचा ताबा गेला असता. आणि ती आडवाट तशीच राहिली असती. म्हणजे भगंदर पुन्हा आलंच असतं."

तात्या काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त बायकोकडे पाहिले.

डॉक्टरांनी दोन टप्प्यांत काम केले. पहिल्या वेळी भूल देऊन दडलेला पू काढला. आतला तुकडा क्षयाच्या तपासणीला पाठवला. कारण काही भगंदरे क्षयामुळे होतात. तसे असेल, तर क्षयाचे औषध घ्यावेच लागते. मग वाटेतून एक मऊ दोरा ओवून सैल बांधला. दोऱ्यामुळे वाटेचे तोंड बुजत नाही. पू साठत नाही. तात्या दोरा घेऊन शेतावर जाऊ लागले. काही महिन्यांनी वाट कोरडी पडली. मग दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दोन कड्यांच्या मधे ती वाट बांधून तोडली. बांध शाबूत राहिला.

आयुर्वेदातही भगंदरावर क्षारसूत्र बांधतात. तो औषध चढवलेला दोरा असतो. तो वाट हळूहळू कापत जातो आणि मागून मांस भरत येते. पण दोरा औषधाचा असो की साधा, वाट कुठे जाते ते आधी माहीत हवेच.

तात्यांच्या बायकोने विचारले, "बायांना होतं का वं हे?"

"होतं. पुरुषांना जास्त होतं. पण बायकांना झालं तर आणखी जपावं लागतं. त्यांचं बाहेरचं कडं पुढच्या बाजूला आखूड असतं. शिवाय बाळंतपणात ते आतून फाटलेलं असू शकतं. बाईला ते कळतही नाही. सोनोग्राफीत ते दिसतं. आधीच कमी असलेला बांध आणखी कापायचा नसतो."

८. चित्र कधी चुकते का?

चुकते. डॉक्टरांनी ते लपवले नाही.

२००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भगंदराच्या १०८ वाटा तीन रीतींनी तपासल्या होत्या. बोटाने व नजरेने तपासून शंभरातल्या ६१ वाटा बरोबर ओळखता आल्या. आतल्या सोनोग्राफीने ८१ ओळखता आल्या. एमआरआय नावाच्या मोठ्या यंत्राने ९० ओळखता आल्या.

तात्या म्हणाले, "शंभरात एकसष्ट म्हंजी बोट बी काय वाईट न्हाई."

"वाईट नाही. पण उरलेल्या एकोणचाळिसांत आपण असलो, तर?" डॉक्टर म्हणाले.

सोनोग्राफीचा आवाज फार दूर जात नाही. वाट फार वर किंवा फार बाजूला गेली असेल, तर ती नीट दिसत नाही. दोनदा-तीनदा शस्त्रक्रिया होऊनही भगंदर परत आले असेल, तर डॉक्टर एमआरआय करायला सांगतात. त्यातही क्ष-किरण नसतात. चुंबकाने चित्र निघते. म्हणून अंगात धातूची पट्टी किंवा हृदयाचे यंत्र असेल, तर आधी सांगावे. एमआरआयला खर्च जास्त येतो. कातडीजवळच्या साध्या भगंदराला डॉक्टर कधी बोटानेच तपासून निर्णय देतात. प्रत्येकाला प्रत्येक तपासणी लागतेच असे नाही.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. भगंदराला चित्रासाठी थांबता येते. गळवाला थांबता येत नाही. गाठ ठणकते आहे, ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पू काढावाच लागतो. नुसत्या गोळ्यांनी तो जात नाही. बाहेर गाठ दिसत नाही पण आत भयंकर ठणकते, अशा वेळी पू कुठे आहे ते शोधायला सोनोग्राफीचा उपयोग होतो. साखरेचा आजार असलेल्या माणसाने तर एक दिवसही अंगावर काढू नये. कातडी काळीनिळी पडली, लघवी अडली किंवा माणूस गळून गेला, तर रात्रीसुद्धा निघावे. अशा वेळी उशीर जिवावर बेततो.

९. तात्या आता काय सांगतात?

दोन वर्षे झाली. तात्या पुन्हा गाडीवर बसतात. रात्री पाणी द्यायला जातात. भगंदर परत येऊ शकते, हे त्यांना डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. म्हणून काही दुखले, तर ते लपवत नाहीत.

परवा पारावर एक तरुण पोरगा त्यांच्याजवळ आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "तात्या, जरा बाजूला येता का? एक इचारायचं होतं."

तात्यांनी त्याची चाल पाहिली. सगळे ओळखले.

"बाजूला कशाला? लपवलं, म्हणून माझं एक वरीस वाया गेलं. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येतो संगट. आन् एक ध्यानात ठेव. आधी बीळ शोधायचं, मगच कुदळ उचलायची."

लक्षात ठेवा

१. शौचाच्या जागेचे प्रत्येक दुखणे मूळव्याध नसते.
२. गळू झाले, की त्याच दिवशी दवाखान्यात जा.
३. पू वाहणारे छिद्र महिना-दोन महिन्यांत भरले नाही, तर भगंदराची तपासणी करून घ्या.
४. पाटी वाचून, गॅरंटी ऐकून कापून घेऊ नका.
५. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. आतले तोंड कुठे आहे? वाट कड्याच्या किती भागातून जाते? आडवाट आहे का? शस्त्रक्रियेनंतर शौच ताब्यात राहील का?
६. सोनोग्राफीचा कागद व चित्रे जपून ठेवा. पुढे उपयोगी पडतात.
७. खर्चाची अडचण असेल, तर सरकारी योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

शब्द व अर्थ

गुपित – लपवून ठेवलेली गोष्ट
ग्रंथी – अंगातील रस पाझरणारा लहान अवयव
कंप – थरथर
शाबूत – न तुटलेले, धड
ताबा – हुकूम चालणे

प्रश्न

१. तात्यांनी दुखणे का लपवले? त्यामुळे त्यांचे काय नुकसान झाले?
२. गळू आणि भगंदर यांत काय फरक आहे?
३. बांध आणि बीळ यांवरून डॉक्टरांनी काय समजावले?
४. विहिरीत हाक मारणे आणि सोनोग्राफी यांत काय सारखे आहे?
५. तुमच्या घरात कुणी असे दुखणे लपवत असेल, तर तुम्ही त्याला काय सांगाल?